काढायचं तर काढा, पण आधी सांगा

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाले आणि तेव्हापासून जो तो ३०० या आकड्यावर भांडतोय. आधी १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची तर सरकारची परवानगी लागायची, आता ती ३०० पासून पुढे लागणार. एक बाजू म्हणते कामगार देशोधडीला लागला, दुसरी म्हणते आता कुठे कारखानदार मोकळा झाला. दोन्हीकडचं ऐकून मला एकच विचारावंसं वाटतं, की बाबांनो, एमआयडीसीत शिफ्ट सुटताना गेटवर शेवटचे कधी उभे राहिला होतात? कारण त्या गेटातून डबा घेऊन जी पोरं बाहेर पडतात त्यातल्या कितीतरी जणांना ना १०० शी घेणं ना ३०० शी देणं. ती कंपनीच्या रोलवरच नाहीयेत. कुणी ठेकेदाराचं आहे, कुणी ट्रेनी, कुणी टेम्पररी, आणि त्यांना घरी पाठवायला सरकारची परवानगी सोडाच, साधा कागद लागत नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरचा एक फोन पुरतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसाला परमनंट करा की करू नका, हा वाद चालू द्या, तो आपल्या हयातीत मिटायचा नाही. पण माणूस कुठल्याही नावाने कामावर असो, त्याला काढताना आधी सांगायचं, लेखी सांगायचं, का काढतोय ते सांगायचं, आणि सांगायला वेळ नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार त्याच्या हातात ठेवायचा, एवढं सगळ्यांना लागू पाहिजे. परमनन्सी वेगळी आणि नोटीस वेगळी. आपण या दोन्हींची अशी सरमिसळ करून ठेवलीय की ज्याला पहिली मिळत नाही त्याला दुसरीही मिळू नये हे सगळ्यांनाच पटलेलं आहे, अगदी कामगारालासुद्धा. "आपण काय टेम्पररी, आपल्याला कसली नोटीस" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एके काळी मलाही ते खरंच वाटायचं.

मी हे बोलतोय कारण चार वर्षं मी चाकणच्या बाजूला एका कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या खात्यात होतो. नाव नको, आणि नाव घेऊन उपयोगही नाही, शेजारच्या दहा कंपन्यांत तेच चालायचं. माझ्याकडे एक एक्सेलची शीट असायची. नाव, ठेकेदार, डिपार्टमेंट, जॉइनिंग डेट आणि शेवटच्या कॉलमात भरलेले दिवस. २२० झाले की सेल पिवळा, २३० झाले की लाल. हे फॉरमॅटिंग मीच लावलेलं, आणि ते जमलं म्हणून साहेबांनी माझं कौतुकही केलेलं. लाल झालेली नावं महिन्याच्या सुरुवातीला वर जायची, वरून ठेकेदाराकडे जायची, आणि मग त्या पोरांना "ब्रेक" मिळायचा. ब्रेक म्हणजे घरी बसायचं. परत बोलावलं तर नशीब, आणि बोलावलं तरी बऱ्याचदा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, म्हणजे मोजणी परत एकपासून.

२३० लाच का? कारण २४० ला कायदा जागा व्हायचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक प्रकरण घातलं गेलं, त्यानुसार वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई. (नव्या कोडमध्येही हे साधारण असंच आहे.) त्यात महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्स (कारखान्यांसाठीचे नमुना सेवानियम) एक पाऊल पुढे, बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या टेम्पररी किंवा बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) कामगाराला परमनंट करा म्हणणाऱ्या. हेतू किती चांगला! आणि झालं काय, तर २४० हा आकडा माणसाच्या पाठीवर छापलेली एक्स्पायरी डेट झाला. कुणी २३९ व्या दिवशी वाईट काम करायला लागतं का? तरी जायचा तोच.

मालकांची बाजू मी टाळत नाही, कारण ती टाइम ऑफिसात बसून रोज दिसायची. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने शेड्यूल खाली आणलं की तिला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याची एक लाइन सरळ बंद पडते, आणि बंद लाइनवर चाळीस माणसं उभी करून पगार कुठून द्यायचा? हा प्रश्न खरा आहे. दुसरंही खरं आहे, की परमनंट माणसाला हात लावायचा तर इतकी अडथळ्यांची शर्यत करून ठेवली की कोणी परमनंट करायलाच धजेना. टेम्पररींची फौज उभी राहायला मालकाची हाव जेवढी जबाबदार तेवढीच कायद्याची रचना. १९८४ चा ऑगस्ट बघा. त्या महिन्यात अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने त्याच औद्योगिक विवाद कायद्यातल्या दोन दुरुस्त्या लागू झाल्या. एकीने परवानगीची अट ३०० वरून १०० वर आणली, म्हणजे परमनंट माणसाचं दार आतून घट्ट लावलं. दुसरीने कपातीच्या व्याख्येत एक पोटकलम घातलं, की मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही तर ती कपात धरायचीच नाही. म्हणजे नोटीस नाही, भरपाई नाही. पुढच्या दाराला मोठं कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी. मग घरातलं सामान कुठून जाणार? आज ३०० वर परत गेलो म्हणून एकजण पेढे वाटतोय आणि एकजण छाती बडवतोय, पण खिडकीकडे कोणाचंच लक्ष नाही.

पण मालकांची अडचण मान्य केली तरी तिच्यातून एवढंच निघतं, की काम कमी झालं तर माणसं कमी करू द्या. न सांगता करू द्या हे त्यातून कसं निघतं? शेड्यूल काय रात्री बारा वाजता आभाळातून पडतं का? पुढच्या महिन्याचा आकडा प्लॅनिंगवाल्यांकडे आधी येतो, त्यावरून कच्चा माल मागवला जातो, स्टीलवाल्याला सांगितलं जातं, ट्रान्सपोर्टवाल्याला सांगितलं जातं, कॅन्टीनवाल्यालासुद्धा सांगतात की पहिल्या शिफ्टची जेवणं कमी कर. भाताचा अंदाज चुकू नये म्हणून जेवढी काळजी घेतली जाते तेवढी भात खाणाऱ्याची घेतली जात नाही. आणि हिशोबाने बघा ना, ज्याला महिनाभर आधी माहीत आहे त्याला नोटीस फुकट पडते, माणूस तो महिना काम करूनच पगार घेतो. नोटिशीचा भुर्दंड फक्त त्याला, जो रात्री ठरवून सकाळी काढतो. त्याला तो पडलाच पाहिजे.

यावर एचआरवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. म्हणे आधी सांगितलं तर पोरं काम टाळतात, मशीनचं वाटोळं करतात, माल खराब करतात. असं कधी झालंच नाही म्हणणार नाही, एकदोन प्रकार मीही बघितलेत. मग पगार द्या आणि त्याच दिवशी घरी पाठवा, कायद्याने नोटीस पे ठेवलाय तो कशासाठी? आणि मजा बघा, ज्या मॅनेजरच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचे सगळे रेट आणि ड्रॉइंग असतात त्याला दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची नोटीस असते. त्याने वाटोळं करायचं ठरवलं तर किती करू शकेल? विश्वास पगाराबरोबर वाढत जातो हे एक गूढच आहे.

यापेक्षा खूप जड मुद्दा दुसरा आहे आणि तो मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही. कामगार स्वतः कुठे सांगून जातात? दिवाळीला गावी गेलेलं पोरगं परत येईल याची खात्री नाही, पेरणीला गेलं की फोन बंद, शेजारच्या कंपनीत पाचशे रुपये जास्त मिळाले की सोमवारपासून तिकडे. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे लाइन चालवायला ऑफिसातली पोरं खाली उतरवलेली मला आठवतात, मी स्वतः तीन दिवस बॉक्स पॅकिंग केलंय आणि चौथ्या दिवशी कमरेने राम म्हटला. तेव्हा मीही शिव्या घातल्या. पण ज्याला उद्या कळवून काढणार नाहीत हे माहीत आहे, तो सोडताना कळवेल ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? सवय वरून खाली येते. शिवाय वजन सारखं नाही. एक पोरगा आला नाही तर ठेकेदार दुपारपर्यंत दुसरा उभा करतो. एका पोराची नोकरी गेली तर दुपारपर्यंत त्याला दुसरी कंपनी कोण उभी करून देणार? आणि न सांगता गेला म्हणून त्याचे शेवटचे पंधरा दिवस ठेकेदार कसे लटकवतो, "फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू" करत कसं झुलवतो, हेही मी बघितलंय, म्हणजे त्याच्याकडून नोटिशीची वसुली आजही होतेच. होऊ दे ना मग दोन्ही बाजूंनी. त्याने आठ दिवस आधी सांगावं, कंपनीने महिनाभर आधी. माझी काही हरकत नाही.

काही वकील मंडळी म्हणतील, अरे ठेकेदाराच्या कामगारालाही २४० दिवसांनंतर नोटिशीचा हक्क आहेच की, कायदा वाच. वाचलाय. पण ठेकेदार त्याला काढतच नाही हो! तो म्हणतो, "तुला कुठे काढलंय, इथलं काम संपलं, दुसऱ्या साइटवर घेतो, फोन करतो." तो फोन कधी येत नाही. कागदावर माणूस नोकरीत आहे, गेटवर नाही, आणि कोर्टात "मला काढलं" हे सिद्ध कसं करायचं, तर ज्याच्याकडे नेमणुकीचाच कागद नाही त्याने. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलं, की परमनंटचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. किती लोकांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असून ज्याची खोली चाकणला, गाव वाशीमला, तो तारखांना कसा जाणार?

खोलीवरून आठवलं. या पोरांच्या खोलीचा करारसुद्धा अकरा महिन्यांचाच असतो. लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, डिपॉझिट, आणि त्यात एक ओळ हमखास, की सोडायची असेल तर एक महिना आधी सांगायचं. घरमालक काही फार मोठा कायदेपंडित नसतो, पण खोली महिनाभर रिकामी पडली तर आपलं नुकसान आहे हे त्याला कळतं आणि समोरच्यालाही ते पटतं. म्हणजे हे पोरगं भिंतींना महिन्याची नोटीस द्यायला बांधील आहे आणि त्याला मात्र एका दिवसाची मिळत नाही.

"टेम्पररी म्हणजे हे असंच असणार" हे जे आपण धरून चाललोय ते आपल्या जुन्या रीतीलाही धरून नाही. सालगडी घ्या. गुढीपाडव्याला साल ठरायचं, धान्य किती, पैसे किती, कपडे किती, आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. त्याचे गोडवे गाणारा मी नाही, उचल फिटता फिटत नसे आणि कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या त्यात अडकल्या. पण त्या सगळ्या अन्यायात एक गोष्ट पक्की होती, तारीख. मालक कितीही खाष्ट असला तरी भर श्रावणात सालगड्याला काढला तर गावात त्याचं नाव खराब व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला त्याच्याकडे कोणी साल धरायला उभं राहत नसे. दोनशे किलोमीटर लांबून आलेल्या पोरासाठी गावच नाही, तर नाव खराब कोणाजवळ होणार?

आणि मुंबईच्या गिरण्या. बदली कामगार सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचे, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, यांना आत घ्यायचे, नाहीतर परत चाळीत. कोणाला घ्यायचं ते जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या हातात, म्हणून जॉबरची मर्जी, त्याला चिरीमिरी, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारी. १९३० च्या दशकात बदली कार्डं आली, आणि ती काही कामगार चळवळीने आणली नव्हती, खुद्द गिरणीमालकांच्या संघटनेने आणली. का? कारण रोज वेगळा अनोळखी माणूस साच्यावर उभा राहिला की सूत तुटतं, कापड बिघडतं, आणि सगळी सत्ता जॉबरच्या खिशात जाते, हे त्यांनाच परवडेना. आज जॉबरच्या जागी ठेकेदार आहे, त्याच्या खाली सुपरवायझर आहे, आणि रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये "स्किल नाही आजकालच्या पोरांत" म्हणून उसासे टाकले जातात. स्किल यायला लागतं तेव्हा तर सेल पिवळा होतो! बरं, कार्डं आली तरी बदलीपण काही गेलं नाही, वर्षानुवर्षं बदलीच राहिलेल्या माणसांचा राग साठत गेला आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बदलीवाल्यांना कायम करा ही एक मागणी होती. पुढे काय झालं ते गिरणगावात आता मॉल बघताना दिसतंच.

सरकारी कंत्राटींचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि तिथे मी परमनंटवाल्यांच्या बाजूने आंधळेपणाने उभा नाही. २०२३ मध्ये बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर गाजला, स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्या पोरांचं म्हणणं चूक होतं का? पाच वर्षं पुण्यात पेठेतल्या खोलीत राहून अभ्यास करणाऱ्याने, ओळखीने चिकटलेल्या कंत्राटी माणसाला नंतर सेवेत कायम केलेलं का बघावं? सुप्रीम कोर्टाने २००६ च्या उमादेवी खटल्यात हेच सांगितलं, मागच्या दाराने आलेल्याला नुसतं बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. पण त्या निकालाची ढाल करून सरकारी खात्यांनी माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं वापरली आणि मग एका ओळीत घरी पाठवली, तेव्हा २०२४ च्या डिसेंबरमध्ये जग्गो खटल्यात त्याच कोर्टाला सांगावं लागलं, की उमादेवीचा असा वापर करू नका. आरोग्य खात्यातल्या कंत्राटी सिस्टरला विचारा, दर वर्षी एक दिवसाचा ब्रेक, परत ऑर्डर, आणि ती ऑर्डर हातात पडेपर्यंत पोटात गोळा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली पोरं बघा, सहा महिने म्हणून घेतलं, मग वाढवून अकरा केले. सहा हजार, आठ हजार, दहा हजार जे काय विद्यावेतन होतं ते होतं, पण पुढे काय हे कोणाकडेच नव्हतं. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कायम होण्याची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत नेऊन २०१७ मध्ये जिंकली, त्यांना सलाम, पण त्यासाठी वर्षं किती गेली? कायम करण्यावर परीक्षावाल्याची हरकत समजू शकते. नोटिशीवर त्याची काय हरकत असणार? उद्या तोही परीक्षा नाही निघाली तर याच रांगेत येणार आहे.

नव्या कोडमधल्या फिक्स्ड टर्मचं, म्हणजे मुदतीच्या करारावरच्या नोकरीचं, मात्र मी अर्धं स्वागत करतो. कायम कामगाराएवढाच पगार, एक वर्षावर ग्रॅच्युइटी (आधी पाच वर्षं लागायची), आणि करारावर तारीख छापलेली. तारीख छापलेली असेल तर तीच नोटीस झाली, मान्य. पण तीन महिन्यांचा करार, मग अजून तीन, मग अजून तीन, आणि प्रत्येक वेळी वाढवायचा की नाही हे शेवटच्या दिवशी दुपारी ठरणार, तर त्या छापील तारखेला काय अर्थ राहिला? जपानमध्ये तीन वेळा किंवा जास्त वाढवलेला, किंवा वर्षावर चाललेला करार पुढे वाढवायचा नसेल तर ३० दिवस आधी सांगायचा दंडक आहे. फ्रान्समध्ये मुदतीचा करार संपून माणूस कायम झाला नाही तर एकूण पगाराच्या साधारण १० टक्के रक्कम त्याला जाताना मिळते, त्या रकमेचं नावच अस्थिरतेचा भत्ता अशा अर्थाचं आहे. तिथले कारखाने काही यामुळे बंद पडले नाहीत. अस्थिरता ही वस्तू आहे, मालकाला तिचा फायदा होतो, मग तिची किंमत त्याने द्यावी, एवढा साधा बाजारी विचार आहे हा, यात लाल झेंडा कुठे आला?

मला हवंय ते फार नाही. दिवस ठेकेदाराप्रमाणे मोजू नका, गेटप्रमाणे मोजा. माणूस एकाच गेटातून आत येत असेल तर मध्ये ठेकेदार तीन बदलले तरी मोजणी चालू. तीन महिने झाले की पंधरा दिवस आधी सांगायचं, वर्ष झालं की महिनाभर. आणि ठेकेदाराने नोटिशीचे पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाने भरायचे, जसे बुडवलेले पगार भरायची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून त्याच्यावर आहेच. ब्रेक नावाचा खेळ त्याच दिवशी बंद होईल असं नाही, पण तो खेळायला पैसे पडतील.

एक पोरगा माझ्या डोक्यातून जात नाही. एकोणीस तारीख, पहिली शिफ्ट, साडेसहा वाजलेले. त्याने कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, परत लाल. मागे रांग. वॉचमनने, जो स्वतःही ठेकेदाराचाच, त्याला हाताने बाजूला घेतलं आणि टाइम ऑफिसकडे बोट दाखवलं. तो आला, डबा हातात तसाच, आवाज अजिबात चढवलेला नाही. म्हणाला, "सर, काल सेकंडला ओव्हरटाइम केला ना मी, काल तरी सांगायचं. नवीन गाडीचा पहिला हप्ता पाच तारखेला आहे, घेतलीच नसती." मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आत्ताच मेल आला बघ."

शीट दोन तारखेला मीच वर पाठवली होती.